धुतलेला रिपोर्ट

सोमवार, ता. ११ जून १९७३

प्रिय यशया,

तुला आजीचा सलाम. ‘प्रिय’ लिहायला हात वळत नव्हता, पण मिशनच्या शाळेत मला शिकवलेलं पत्र तसंच सुरू होतं आणि दुसरी सुरुवात मला येत नाही. तू पाळकसाहेबांना चार पानं लिहिलीस. मी, जिनं तुला आईबापामागं वाढवलं, तिच्या तीन कार्डांना मिळून तुझी एक ओळ नाही. पाळकसाहेबांनी ते पत्र मला वाचून दाखवलं. दोनदा थांबले, घसा खाकरला, चष्मा पुसला, मग पुढं वाचलं. तू लिहितोस, माझी बायको दया हिला घाण रोग झाला आहे. फेब्रुवारीतला दवाखान्याचा कागद साफ होता, मे महिन्यातला वाईट निघाला. मी नाताळानंतर घरी आलेलो नाही. तेव्हा हा रोग तिनं माझ्यामागं कुठून आणला ते पंचांनी तिला विचारावं, मी तिला नांदवणार नाही. गणित चोख मांडलंस. शाळेत असताना गणितात कधी पास झाला नाहीस, आणि आता बायकोला घराबाहेर काढायची वेळ आली तर महिन्यांची वजाबाकी बिनचूक. येत्या रविवारी, सतरा तारखेला, उपासना संपली की पंच बसणार आहेत. दयाचं नाव चर्चच्या मंडळीतून काढायचं की ठेवायचं ते ठरवणार. नाव गेलं की मिशनच्या बालवाडीतलं तिचं काम गेलं. तिला माहेर नाही, ती बोर्डिंगात वाढलेली पोर, हे लग्न करताना तुला फार आवडलं होतं. सासरा नको, मेहुणा नको, विचारणारं कुणी नको. आता त्याचा उपयोग तुला कळला असेल.

आतापर्यंत कार्डं पाठवली, त्यात ‘दया आजारी आहे, ये’ याहून फार काही लिहिलं नाही, कारण कार्ड पोस्टमन आधी वाचतो, मग चावडीपुढं बसलेल्यांना वाचून दाखवतो आणि उरलं तर मला देतो. जे लिहायचं होतं ते कार्डावर मावणारं नव्हतं. दुसऱ्याकडून लिहून घ्यावं असंही नव्हतं. मी दुसरी पास. वेलांटी कुठली द्यायची ते मला कधी कळलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुझी बोअरची गाडी आष्टीकडं आहे असं कळलं. आष्टीहून नगर म्हणजे काय विलायत आहे का रे? सकाळच्या एस्टीत बसलास तर दुपारी जेवायला घरी येतो माणूस. दुष्काळात लोकांच्या पाण्यासाठी दगड फोडतोस म्हणून सगळ्या गावात मी मान वर करून तुझं सांगायची. दोनशे फूट खाली काय आहे ते तुला समजतं, आणि घरात काय चाललंय ते समजत नाही.

मला कधी कळलं ते सांगते. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू विहिरीवर बसून आपली चड्डी आपण धूत होतास. पाणी किती, तर घागरभर मिळायची मारामार, आणि हा नवाब सोड्यात भिजवून, दगडावर घासून, पिळून, झुडपामागं वाळत घालतोय. माझ्या या घरात तीन पिढ्यांत कुण्या पुरुषानं आपलं धोतर, पायजमा, फडकं काही आपल्या हातानं धुतलेलं नाही. साळूबाई पाणी भरायला आली होती. ती म्हणाली, “आज्जे, तुजा नातू लई सुधारला गं, बायकूला सुख देतुया.” मी हसले. चूक तिथंच झाली. मी सुईण आहे, पंचेचाळीस वर्षं बायकांची बाळंतपणं केली. मला त्याच वेळी त्या झुडपामागं जाऊन तो कपडा बघायला पाहिजे होता. पुढचे आठ दिवस तू लघवीला गेलास की बराच वेळ येत नव्हतास आणि आलास की तुझं तोंड कडू झालेलं असायचं. मग तीन जानेवारीला बाजारच्या गावाला जाऊन आलास आणि तुझा चेहरा एकदम उघडला. दयाला बांगड्या आणल्यास. पाच तारखेला परत कामावर गेलास.

जानेवारी संपता संपता पोर वाकायला लागली. ओटीपोटात कळ, कंबर मोडल्यासारखी, बारीक ताप, आणि अंगावरून पिवळं जायचं. मला सांगितलं नाही. बालवाडीत पोरांना गाणी म्हणताना मध्येच भिंतीला टेकायची. तिला वाटलं, दिवस गेले असतील आणि काही बिघडलं असेल. चार वर्षांनी एकदा आशा लागली तर ती बोलून मोडू नये म्हणून गप्प बसली. शेवटी एके दिवशी तिचं लुगडं मी धुवायला घेतलं तेव्हा मला दिसलं. दुसऱ्याच दिवशी मी तिला नगरला, बायकांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं.

आता मी काय केलं ते नीट वाच. कारण तुझ्या त्या चोख गणितात मी घातलेली चूक आहे आणि ती तू कुणाला सांगणार नाहीस, मीच सांगायला पाहिजे. आम्ही मिशनच्या हाताखाली शिकलेल्या सुइणी. मडमेनं आम्हाला सहा महिने एकच गोष्ट घोकून घेतली, बाईला हात लावायच्या आधी बाईला धू. गावातल्या बाकीच्या सुइणी राखेच्या हातानं बाळंतपण करायच्या, तेव्हा आम्ही नखं काढून, साबण लावून, पाणी उकळून. त्या एका गोष्टीवर आमची मान ताठ होती. लोक आमचा विटाळ धरायचे, आणि आम्ही त्यांच्यापेक्षा स्वच्छ आहोत हे आम्हाला ठाऊक असायचं. तर दयाला मोठ्या दवाखान्यात न्यायची, तिथं डॉक्टरीणबाई तपासणार, आणि माझी नातसून तिच्यापुढं तशीच घाणेरडी जाऊन पडणार? मी सकाळी पाणी उकळलं. पोटॅशचे दाणे टाकून जांभळं केलं. माझ्याकडं मडमेनं दिलेलं पांढरं इनॅमलचं भांडं आहे, नळीचं. त्यानं आतून दोनदा धुतलं. तिला झोंबलं, ती रडली, मी तिला रागावले. एवढ्या दुष्काळात तिच्यासाठी दोन घागरी पाणी घातलं मी. मग पांढरं लुगडं नेसवून घेऊन गेले. वाटेत तिला लघवी लागली, तर म्हटलं जाऊन ये, मोकळी हो, तिथं लाज नको.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, पुण्याकडची, बोलते झरझर. तिनं दयाला टेबलावर झोपवलं, एका बारीक काडीला कापूस गुंडाळलेला, ती काडी पिशवीच्या तोंडाशी फिरवली, दुसरी लघवीच्या जागेवरून घेतली, आणि दोन काचेच्या पट्ट्यांवर पुसली. झालं. एवढंसं काम. माझ्याकडं बघून म्हणाली, “आजी, छान स्वच्छ ठेवलंय हो हिला.” मी फुगले. पंचेचाळीस वर्षांनी कुणी शिकलेल्या बाईनं शाबासकी दिली. तासाभरानं कागद आला, काही आढळलं नाही. पोट दुखतंय तर अशक्तपणा असेल, टॉनिक घ्या, आराम करा, दुखलं तर परत या. मी घरी येऊन आनंदानं तुला कार्ड टाकलं, दयाचा रिपोर्ट साफ आहे, काळजी नसावी. ते कार्ड तू जपून ठेवलंस, नाही का? पाळकसाहेबांच्या पत्राला तेच टाचून पाठवलंस. माझ्याच अक्षरातला पुरावा, माझ्याच नातसुनेवर.

टॉनिकनं काय व्हायचं. मार्चमध्ये जरा बरी झाली, एप्रिलमध्ये पुन्हा पडली. मे महिन्यात एक दिवस बालवाडीतून तिला दोन बायांनी धरून आणली, ताप असा की अंगाला हात लावू नये. या खेपेला धुवायला वेळच नव्हता. आहे तशी एस्टीत घातली आणि नेली. डॉक्टरीणबाईनं पुन्हा काडी फिरवली, आणि एक काडी तपकिरी खळ भरलेल्या चपट्या बशीत रेघा ओढल्यासारखी ओढून ती बशी उबेला ठेवली. मी म्हटलं, बाई, आज हिला धुवून आणता आलं नाही, माफ करा. तिनं हातातली काडी तशीच धरली आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाली, “मागच्या वेळी कशानं धुतलं होतं?” मी सांगितलं. पोटॅश, नळीचं भांडं, दोनदा, आणि येताना लघवी. ती काडी खाली ठेवून खुर्चीवर बसली. “आजी,” म्हणाली, “चोर घरात होता, आणि तुम्ही पोलीस यायच्या आधी घर सारवून पावलं पुसून टाकलीत.” मग ओरडली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, चूक माझीही आहे, मी विचारायला पाहिजे होतं.

तिनं मला आतल्या खोलीत नेलं. काचपट्टीवर एक रंग, मग धुणं, मग दुसरा रंग, असं करून ती पितळी दुर्बिणीखाली ठेवली आणि मला एक डोळा लावायला लावला. आधी मला माझीच पापणी दिसत होती. मग दिसलं. मोठमोठे फिकट गोळे, आणि त्यांच्या पोटात बारीक तांबूस ठिपके, एकटा एकही नाही, सगळे दोन दोन. घेवड्याचे दोन दाणे पोटाला पोट लावून ठेवावेत तसे. मी विचारलं, हेच का? ती म्हणाली, हेच. गावात याला परमा म्हणतात. मी म्हटलं, गावात काय म्हणतात ते मला सांगू नका बाई. ती म्हणाली, हा बाहेरून भांड्यातून, पाण्यातून, शिवल्यानं येत नाही, माणसाकडून माणसाला येतो, आणि बाईच्या पोटात महिनोन्‌महिने दबून बसतो. फेब्रुवारीत तो होताच, तुम्ही वरचा तेवढा धुऊन काढलात. बशीत दोन दिवसांनी दाणे उगवले, तेव्हा तिनं मला परत बोलावून तेही दाखवलं. म्हणजे आता खात्री. दयाला पेनिसिलीनच्या सुया सुरू झाल्या.

सुया संपल्या, तिसरी काडी झाली, न धुता, आणि ती साफ निघाली. बाई म्हणाली, पोटातल्या नळ्या अजून बंद झालेल्या वाटत नाहीत, मूल होऊ शकेल. पण नवरा आला, त्याची तपासणी झाली, त्याला पुरतं औषध मिळालं तरच. नाही तर पहिल्या रात्री पुन्हा पहिल्यापासून, आणि त्यानंतर मी काही सांगू शकत नाही. मी तुला कार्ड टाकलं, ये. पुन्हा टाकलं, ये. तिसऱ्यात लिहिलं, दयाच्या तपासणीत वाईट निघालंय, डॉक्टर तुला बोलावतात, ताबडतोब ये. त्याचं उत्तर म्हणून तू पाळकसाहेबांना पत्र लिहिलंस. घाबरलास, हे मला कळतं. मी पुरुष घाबरलेले पुष्कळ बघितले आहेत. बायको आत ओरडत असते आणि हे बाहेर विड्या पेटवत असतात. पण घाबरलेल्या माणसानं पळावं. तू पळताना बायकोला ढकलून गेला असतास तरी बरं होतं. तू उभा राहून तिच्याकडं बोट दाखवलंस.

ते बोट कुठवर पोचलं ते ऐक. पाळकसाहेब बोलले नसतील, पण त्यांच्या घरात कान आहेत. तीन दिवसांत बालवाडीतली पोरं निम्मी झाली. साळूबाई, जी चार दिशांना फिरून आमच्याकडं कालवणाला येते, ती दारातूनच म्हणाली, “म्या काय म्हनते आज्जे, पोरीचा तांब्या जरा येगळा ठिव.” मी तिला म्हटलं, तुझ्या तिन्ही पोरांच्या वेळी माझा हात कुठं कुठं होता ते आठवतंय का, तेव्हा तांब्या वेगळा ठेवला होतास का. गेली. शमुवेल पंचांकडं मी स्वतः गेले. म्हटलं, पंच, माझी चूक झाली, मी पोटॅशनं धुतलं म्हणून पहिला रिपोर्ट साफ आला, रोग त्याआधीचाच आहे. त्यांनी ऐकून घेतलं. पानाला चुना लावत म्हणाले, “मरियाबाई, तुमी नातसुनंसाठी बोलताय, त्यात वाईट न्हाई. पर कागुद कागुद असतो. सरकारी दवाखान्याच्या कागदापुढं तुमचं पोटॅश कसं टिकंल?” मी म्हटलं, पंच, तुमचा जन्म माझ्या सासूच्या हातचा, तिनं तुम्हाला धुतलं नसतं तर आज पान खायला नसता. हसले. “तुमचं त्वांड लई,” म्हणाले, “म्हनून तर कुनी मनावर घेत न्हाई.” डॉक्टरीणबाईनं कागदावर लिहून दिलंय की धुतल्यामुळं पहिली तपासणी धरता येत नाही. पंच म्हणतात, यात रोग कधीचा आणि कुणाचा ते कुठं लिहिलंय? तेवढं मात्र खरं आहे. ते एकट्या दयाच्या काचेवर दिसत नाही.

दयाला मी विचारलं नाही, ती बोलली. म्हणाली, “आजी, मी पंचांपुढं शपथ घेते.” मी म्हटलं, शपथ चोरटे घेतात. त्यानंतर तिनं काही खाल्लं नाही दोन दिवस. भाकरी पुढं ठेवली की म्हणायची, नंतर. मी काही तिच्या केसांवरून हात फिरवत बसले नाही, मला ते जमत नाही. मी बाजारच्या गावाला गेले.

मच्छिंद्र कंपाउंडर तुला आठवत असेल. त्याच्या पाटीवर डॉक्टर असं लिहिलंय, पण तो एका डॉक्टरकडं बाटल्या धुवायचा. मी जाऊन समोरच्या बाकड्यावर बसले. तो म्हणाला, “आज्जी, काय दुकतंय?” मी म्हटलं, मला काही दुखत नाही, माझ्या नातवाला काय दुखत होतं ते सांग, तीन जानेवारी. तो म्हणाला, “गिऱ्हाइकाचं आमी कुनाला सांगत नसतो.” मी म्हटलं, नको सांगू, मी बसते. दोन तास बसले. त्याची चार गिऱ्हाइकं मला बघून दारातून परतली. शेवटी तो वैतागून म्हणाला, “आज्जी, जा बाबा आता. म्या त्याला सांगितल्यालं, एका सुईनं भागत न्हाई, आनखी दोन घ्यायला ये. त्योच आला न्हाई, तर म्या काय करू?” असं बोलला आणि जीभ चावली. मी म्हटलं, हे पंचांपुढं सांगशील? म्हणाला, “म्या कशाला मरू? माज्याकडं कुटं लायसन हाय?” तर यशया, मला पुरावा पाहिजे म्हणून मी गेले नव्हते. मला फक्त एवढं बघायचं होतं, की मी तुझ्याबद्दल वाईट धरतेय त्यात मी चुकतेय का. मला चुकायचं होतं. एका सुईनं तुझी आग थांबली, पू थांबला, तुला वाटलं संपलं. तू जाणूनबुजून तिला दिलंस असं मी म्हणत नाही. पण मे महिन्यात कार्ड मिळालं तेव्हा तुला कळलं. त्या क्षणी कळलं. आणि तरी तू दौत घेऊन बसलास.

आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बापालाही नाही. तुझे आजोबा अब्राहाम मास्तर शाळामास्तर व्हायच्या आधी वर्षभर मनमाडला रेल्वेच्या कामावर होते. तुझा बाप तेव्हा दोन वर्षांचा. तिथून ते परत आले आणि दोन महिन्यांनी मी वाकले. जशी दया वाकली तशी. मी वीस वर्षांची होते. मडमेच्या दवाखान्यात गेले तर मडमेनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिनं मला ते नळीचं भांडं दिलं, पोटॅश दिलं आणि रोज दोन वेळा दोन महिने धुवायला लावलं. त्या काळी दुसरं औषध नव्हतं. सुईणपणाचं शिक्षण मला नंतर मिळालं, भांडं आधी मिळालं. तुझ्या बापाच्या पाठीवर मला मूल का झालं नाही, असं लोक चाळीस वर्षं विचारत आले आणि मी देवाची मर्जी म्हणत आले. माझी सासू मला वांझ म्हणायची, एक मूल मांडीवर असताना. मास्तर शेजारी बसून शास्त्र वाचायचे. वर मान करायचे नाहीत. माणूस वाईट नव्हता. शंभर पोरांना त्यानं अक्षर शिकवलं, कुणाला हात उगारला नाही. पण या एका गोष्टीला त्याला तोंड नव्हतं, आणि माझं तोंड मी शिवून घेतलं होतं. ते पुढं उघडलं ते भलत्याच ठिकाणी उघडत गेलं, म्हणून लोक म्हणतात मरियाबाईची जीभ कडू.

तू चार वर्षांचा असताना ते गेले. तुला सांगितलंय की मूतखडा होता. खडा नव्हता. तो जुना रोग आतल्या वाटेला वण करत करत ती वाट आवळत नेतो. आधी धार बारीक होते, मग थेंब, मग थेंबही नाही. नऊ दिवस त्यांना लघवी झाली नाही नीट. नगरला नेलं, नळी घालायला गेले तर नळी जाईना. ते ओरडत तेव्हा तुला मी साळूबाईच्या सासूकडं पाठवायची. सातव्या दिवशी मला म्हणाले, “मरिया, ते मनमाडचं.” मी म्हटलं, मला सव्वीस सालापासून माहीत आहे, गप पडून राहा. ते रडले. मी त्यांना क्षमा केली का, असं तू विचारशील तर मला माहीत नाही. मी त्यांचं पोट शेकत होते. गेल्यावर मंडळीनं त्यांच्या नावाचा दगड चर्चच्या भिंतीत बसवला. ‘विश्वासू सेवक’ असं लिहिलंय. मी दर रविवारी त्याच्यासमोर बसते.

तर ऐक, तू काय करायचंस ते. पुरुषांची तपासणी सिव्हिल दवाखान्यात गुरुवारी सकाळी असते. डॉक्टरीणबाईनं तिथल्या डॉक्टरला सांगून ठेवलंय, तुझं नाव सगळ्यांपुढं पुकारणार नाहीत. बुधवारी संध्याकाळी नगरला ये. गुरुवारी सकाळी उठल्यावर लघवीला जायचं नाही, कितीही लागली तरी दाबून धरायची. अंघोळ करायची नाही, तिथं पाणी लावायचं नाही, पोटॅश तर मुळीच नाही. मच्छिंद्रकडं जाऊन पुन्हा सुई टोचून यायचं नाही. तसं केलंस तर काडीवर काही येणार नाही आणि रोग मात्र आत तसाच. वरून तुला काही वाटत नसलं तरी आत असतो, डॉक्टर दाबून काढतात आणि काडीनं घेतात. दुखतं. अर्धा क्षण दुखतं. दयाला तीनदा केलंय, तिनं हूं का चूं केलं नाही. तू दोनशे फूट दगड फोडणारा.

हे पाकीट कणकेच्या खळीनं चिकटवून मी उद्या तुमच्या जीपच्या ड्रायव्हरच्या, कानिफनाथच्या हातात देणार आहे. तो मंगळवारी सामानाला नगरला येतो. पण हे पत्र नुसतं तुझ्यासाठी लिहिलेलं नाही, ते आता सांगते. गेल्या आठवड्यात पाळकसाहेब म्हणाले, रविवारी पंचांपुढं तुम्ही बोलू नका, तुम्ही रागानं बोलता आणि पोरीचं नुकसान होतं, काय म्हणायचं ते लिहून द्या, मी वाचून दाखवीन. तेव्हा बसून मी हे लिहिलं. पंचांना लिहायला घेतलं तर एक शब्द सुचेना, तुला लिहायला घेतलं तर थांबेना. याची दुसरी प्रत दयानं काल आणि आज बसून काढली, माझं अक्षर पाळकसाहेबांना लागणार नाही म्हणून. आजोबांच्या मजकुराशी ती थांबली. म्हणाली, “आजी, एवढं गाळू या. ते गेले, त्यांचं नाव आहे.” मी म्हटलं, ते गाळलं तर तुझं जाईल. एक बाई आपल्या घरात बसून, कुठंही न जाता, भल्या माणसाकडून हा रोग घेऊ शकते, हे या लोकांना पोटॅशनं पटणार नाही; ते ज्या दगडापुढं डोकं लववतात त्या दगडानं पटेल. तिनं मग सगळं उतरवलं, तुला घातलेल्या शिव्यांसकट. तू गुरुवारी तपासणी करून आलास आणि पंचांपुढं उभा राहून तुझ्या तोंडानं बोललास, तर ती प्रत वाचायची गरज नाही. तुझ्या आजोबांचं नाव तू वाचवशील आणि मी त्यांचं झाकण आणखी थोडे दिवस धरून ठेवीन. नाही आलास तर रविवारी पाळकसाहेब वाचतील. वाचता वाचता त्यांचा घसा अडकला, त्यांनी चष्मा पुसायला काढला, तर मी उठून उभी राहीन आणि पुढचं तोंडपाठ म्हणेन. मला आता पाठ झालं आहे.

तू मान अगर न मान, तुझीच,
आजी मरिया